अकरा शांत निरोप

सचिव : काकू, आजचा दिवस आपल्या मंडळीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाणार आहे.

काकू : पाय पुसून या. फरशी ओली आहे.

सचिव : पुसले, पुसले. दोन वर्षांचं सेवा-प्रशिक्षण, अकरा पदवीधर, आणि अकराच्या अकरा आपल्याच मंडळीतले. पाळकसाहेब काल म्हणाले, हे पीक आपल्याच अंगणात उगवलंय.

काकू : अंगणात नाही हो, आमच्या आतल्या खोलीत उगवलंय. चर्चच्या फाटकापासून साठ पावलांवर अंथरुणाला खिळलेला माणूस सरावाला आयता सापडला, म्हणून उगवलं. हे टेकडीपलीकडे राहत असते, तर तुमचे निम्मे पदवीधर पहिल्या चढावरच गळाले असते.

काका : कोण आलंय गं?

काकू : प्रशिक्षणाचे सचिव आलेत. तुम्ही आतून ओरडू नका, खोकला लागेल.

काका : पुस्तिका आणलीय का त्यांनी? आज कुठली पायरी? शंकेची असेल तर सांग, तशी तयारी करतो.

सचिव : नाही काका, आज पायरीबियरी काही नाही. आज पदवीदान. तुम्ही पडून राहा.

काका : तेच करतोय. तीन वर्षं झाली.

सचिव : किती प्रसन्न स्वभाव. आमच्या पुस्तिकेत प्रसन्न रुग्णाचं प्रकरणच नाही, त्यामुळे प्रशिक्षणार्थींची जरा पंचाईत व्हायची.

काकू : त्यांची कसली पंचाईत, यांची झाली. तुमच्या अकरांतल्या त्या दंतवैद्याने यांना तोंडावर सांगितलं, 'काका, आज माझ्याकडे निराशेची पायरी आहे आणि तुम्ही सारखे हसताय, मी रकान्यात काय लिहू?' मग हे वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तो गेल्यावर मला विचारतात, 'जमलं का गं?'

काका : शेवटी शेवटी जरा जास्तच झालं असावं. तो चहा न घेताच गेला.

सचिव : यालाच तर आम्ही अनुभव म्हणतो. बरं काकू, मी दोन कामांसाठी आलोय. एक म्हणजे हा एकत्रित अहवाल. रुग्णाच्या घरच्यांची साक्षीदार म्हणून सही लागते, तेवढी राहिलीय. सहीशिवाय प्रमाणपत्रांवर शिक्का मारायचा नाही, हा साहेबांचाच नियम. आणि दुसरं, दहा वाजता काकांना पहिल्या रांगेत बसवायचंय आणि तुम्ही दोन मिनिटं साक्ष द्यायचीय. या अकरा जणांनी तुमच्या घरासाठी काय केलं, एवढंच. मनापासून.

काकू : मनापासून पाहिजे? मग बसा. त्या बँकेतल्या बाई. वीस भेटींपैकी अठरा भेटींत रडल्या. यांचा हात हातात घ्यायच्या आणि सासूचं सांगायला लागायच्या. हेच मग त्यांची समजूत घालायचे, 'होईल सगळं ठीक' म्हणायचे, आणि बाई डोळे पुसून लिहायच्या, रुग्णाला धीर दिला. तुमचा गॅरेजवाला प्रार्थना करताना यांच्या कपाळाला तेल लावायचा. लोक बोट टेकवतात, हा ओंजळ रिकामी करायचा. सहा अभ्रे गेले माझे. आणि तो टायवाला विमा एजंट. प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा अध्याय वाचत होता. पलंगाखालचं भांडं मी अजून उचललं नव्हतं. तर एका हातात ग्रंथ, दुसऱ्या हाताने नाकावर रुमाल, आणि खणखणीत आवाजात वाचतोय, कोणी गुडघ्यावर बसून कोणाचे पाय धुतले ते. अध्याय संपला, रुमाल खिशात, सही घेतली, चालू लागला. मला जी शिसारी आली, ती दोन दिवस गेली नाही. घास तोंडाशी नेला की तो रुमाल दिसायचा.

सचिव : तो संवेदनशील आहे हो. त्याला वासाचा त्रास होतो.

काकू : आणि आम्ही नाकं गहाण टाकलीत. ते भांडं दाराजवळच्या मोरीपर्यंत दहा पावलं न्यायचं होतं. दोनशे वीस वेळा कोणी ना कोणी त्या खोलीत येऊन गेलं. एकदाही, एकानेही नेलं नाही.

सचिव : शारीरिक सेवा हा विषय ऐच्छिक होता, काकू. कोणी घेतला नाही.

काका : शेवटच्या पायरीचं सांग त्यांना. त्यात माझं काम चांगलं झालं.

काकू : ते त्यांना माहीत आहे. मरणशय्येची पायरी. प्रत्येकाने एकदा तरी मरणाऱ्या माणसाजवळ बसायचं. आता मंडळीत कोणी मरेना, मग आहेतच आमचे. गेल्या महिन्यात अकरा जण, अकरा दिवस. रोज संध्याकाळी पाचला हे मरायचे आणि सहाला मी यांना जेवायला वाढायची.

काका : चौथ्या दिवसापासून सवय झाली. डोळे मिटायचे, श्वास बारीक करायचा, हनुवटी जरा सैल सोडायची. गॅरेजवाला तर घाबरून रस्त्यावर पळाला.

सचिव : त्याचा अहवाल फार हृदयस्पर्शी होता. त्याला सर्वाधिक गुण आहेत. तर मग काकू, सही?

काकू : सही देते. पण मला एक माणूस पाहिजे.

सचिव : माणूस?

काकू : रोज सकाळी सातला, अर्धा तास. यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. अंग मी पुसते, कपडे मी बदलते, त्याने फक्त काखेखाली हात घालून उचलायचं. नर्सने सांगितलंय, मी एकटीने ओढलं की यांच्या पाठीची जखम उकलते. आणि माझी कंबर आता भांड्याला वाकतानासुद्धा धरते. दुसरा माणूस मिळाला तर हे घरी राहतील. नाही मिळाला तर उद्या सकाळी नऊला वॉर्डाची गाडी येणार. शहराबाहेरचा तो वॉर्ड, जिथे माणसं ठेवतात. आठवड्यातून एक दिवस भेटायचं, तेही तासभर.

सचिव : अरेरे. हे आधी का नाही सांगितलंत?

काकू : अकरा जणांना सांगितलं. अकरा जणांनी वहीत लिहून घेतलं. 'कुटुंबीयांची चिंता' म्हणून रकाना आहे ना तुमच्याकडे? त्यात बघा, अकरा वेळा असेल.

सचिव : असेल, असेल.

काकू : नर्स आज दुपारी तीनला यायचीय. तिला मी हो किंवा नाही सांगायचंय, म्हणजे ती फोन करून गाडी थांबवेल. तुमचे अकरा जण आहेत. पाळी लावली तर एकाच्या वाट्याला अकरा दिवसांतून अर्धा तास. एवढंच मागतेय. नाहीतर ती कागदं उचला आणि दुसरा कोणी मरायला टेकलेला असेल तर त्याच्या घरची सही आणा.

सचिव : काकू, काकू. रागावू नका. यात अवघड काय आहे? मी लिहूनच घेतो. रोज सकाळी सात ते साडेसात, काकांसाठी, अकरा जण. आज वेदीवरूनच जाहीर करायला लावतो साहेबांना. सगळ्या मंडळीसमोर जाहीर झालं की मग कोणाची टाळाटाळ नाही.

काकू : वेदीवरून?

सचिव : साहेबांच्या तोंडून.

काका : अगं, दे सही. मंडळीसमोर म्हणतायत.

काकू : द्या ती कागदं. चष्मा आत आहे, कुठे करायची तेवढं बोट ठेवा.

(त्याच दिवशी दुपारी साडेतीन. काकांची आतली खोली.)

नर्स : उशीर झाला, माफ करा. चला काका, भिंतीकडे वळा. काकू, तुम्ही नुसता खांदा धरा, ओढू नका. हे काय, सदऱ्याला पाठभर काळं काय लागलंय?

काकू : हातगाड्याचं वंगण असेल.

नर्स : हातगाड्याचं?

काकू : स्पीकर ज्याच्यावर ठेवतात ना, तो गाडा. यांना चर्चमधून त्याच्यावर घालून आणलं.

नर्स : कोणी?

काका : स्पीकरवाल्याने. चांगला माणूस. मी त्याच्या वायरीवर बसलो होतो.

नर्स : मला काही कळलं नाही. पदवीदान होतं ना आज? अकरा जण होते ना तिथे? काका, हलू नका, पट्टी काढतेय.

काकू : होते तर. आणि जाताना काय थाट. सकाळी पावणेदहाला चौघं आले, काळे झगे घालून, छातीला फुलं लावून. यांना खुर्चीत बसवलं, खुर्चीचे चारी पाय धरले आणि उचललं. पुढे फोटोवाला उलटा चालतोय. नाकाला रुमाल नाही, कंबर दुखत नाही, कोणी हूं की चूं नाही. पाच पायऱ्या चढले. मला तर भरून आलं. मी मनात म्हटलं, येतं की उचलता यांना. उगीच दोन वर्षं नावं ठेवली.

काका : विमा एजंट माझ्या अगदी जवळ होता. हसत होता. फोटो होईपर्यंत.

नर्स : मग झालं ना काम? जाहीर करणार होते म्हणालात.

काकू : आधी माझी साक्ष होती. मला ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं. सचिवांनी कानात सांगितलं, साहेबांकडे चिठ्ठी गेलीय, निश्चिंत राहा. मग मी बोलले. काय बोलले माहिती आहे? म्हटलं, या अकरा जणांमुळे आमचं घर कधी एकटं पडलं नाही. म्हटलं, ही माणसं आमच्या पोटच्या पोरांपेक्षा जवळची. बँकेतल्या बाई रडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तिथे उभी राहून मान हलवत होते, जशी काही ती माझीच पदवी. मोबदला ठरला होता ना. मोबदला ठरल्यावर माणूस काय वाट्टेल ते बोलतं. दोन वर्षं त्यांची किळस केली. आज माझ्याच तोंडाची येतेय. घरी आल्यापासून तीनदा चूळ भरली.

नर्स : काकू, तुम्ही काकांसाठी बोललात.

काकू : तेही आपापल्या पदवीसाठीच बोलत होते. कापसाचा बोळा पुरेल का, का दुसरा काढू?

नर्स : पुरेल. पुढे?

काकू : पुढे अहवाल. सचिव वाचायला उठले. दोनशे वीस रुग्णभेटी, असं म्हटलं, की लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एकच रुग्ण, हे कुठे लिहिलंच नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, या काळात आपल्या पदवीधरांनी अकरा रुग्णांना मरणशय्येवर साथ दिली आणि शांतपणे निरोप दिला.

नर्स : अकरा जण वारले? आपल्या भागात? मला कसं नाही कळलं?

काका : मीच तो.

नर्स : कोण?

काका : अकराही.

काकू : प्रत्येकाच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, भेट पूर्ण, रुग्ण शांत. त्याची बेरीज केली त्यांनी. आणि खाली माझी सही. चष्मा न लावता केलेली.

नर्स : आणि कोणी काही बोललं नाही?

काकू : बोलणार कसं? पाळकसाहेबांना गहिवरून आलं. म्हणाले, त्या अकरा आत्म्यांसाठी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळं चर्च उभं राहिलं. बसलेले फक्त हे. मागची बाई डोळे वटारून बघत होती, मेलेल्यांसाठीसुद्धा उठवत नाही का म्हणून.

काका : मी हिला विचारलं, कोण गं गेलं? ही म्हणाली, तुम्ही. मग मीही मान खाली घातली. बरं दिसलं नसतं.

नर्स : काका, हसू नका, पट्टी चिकटत नाहीये.

काका : आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली. लोकांच्या निधनाच्या बातम्यांतले आकडे चुकू दिले नाहीत कधी.

नर्स : आणि ते सकाळचं? सात वाजताचं?

काकू : सांगते. प्रमाणपत्रं झाली, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून झाला. मग साहेबांनी चिठ्ठी उघडली. म्हणाले, आता या अकरा जणांची पहिली सेवा मी जाहीर करतो. आपले काका अंथरुणाला खिळलेले आहेत, काकू थकल्या आहेत. त्यांनी आपल्याकडे रोज सकाळी सात ते साडेसात एक माणूस मागितला आहे. असं स्पष्ट म्हणाले. एक माणूस. मी तुमचा नंबर शोधायला पिशवीत हात घातला. म्हटलं तीनची वाट कशाला बघा, तिथूनच फोन करते.

नर्स : मग?

काकू : मग म्हणाले, पण आपण देताना हात आखडता का घ्यावा? एक का? उद्यापासून रोज सकाळी सात ते साडेसात अकराच्या अकरा पदवीधर काकांसाठी प्रार्थना करतील. आणि काकूंवर सकाळच्या पाहुणचाराचा भार पडू नये, म्हणून आपापल्या घरून.

नर्स : आपापल्या घरून.

काकू : टाळ्या इतक्या वाजल्या, की एक कबुतर उडालं वरून. मी सचिवांना पायऱ्यांवर गाठलं. त्यांच्या हातात कागदाची थाळी होती, तोंडात घास. मी म्हटलं, हे काय केलंत? उचलायला माणूस मागितला होता मी. तर घास गिळून म्हणतात, 'काकू, तुम्ही एक मागितलात, साहेबांनी अकरा दिले. आता साहेबांचं जाहीर झालेलं मी कमी कसं करू?' आणि वर म्हणतात, थोडं खाऊन जा.

नर्स : त्या अकरा जणांना विचारलंत? एकेकट्याला?

काकू : विचारलं. लाज गुंडाळून ठेवली आणि जेवणाच्या टेबलाशी फिरले. दंतवैद्य म्हणाला, सातची वेळ आता प्रार्थनेला दिलीय, त्याच वेळी इकडे कसा येऊ? गॅरेजवाला म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. विमा एजंटाने माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि तिथेच प्रार्थना सुरू केली. बँकेतल्या बाई रडायला लागल्या. बाकीच्यांचं विचारू नका.

नर्स : आणि काकांना न्यायला परत कोणी आलं नाही?

काकू : चौघांनी झगे भाड्याच्या दुकानात परत द्यायला काढून ठेवले होते. झगे काढले आणि चौघं पांगले. हे रिकाम्या चर्चमध्ये, पहिल्या रांगेत. मी एकटी खुर्ची हलवून बघितली, हलेना. तेवढ्यात स्पीकरवाला वायरी गुंडाळत आला. म्हणाला, बाई, बाबांना जरा बाजूला घ्या, माझी वायर अडकलीय. मी म्हटलं, मला घेता येत नाही. त्याने बघितलं. गाडा आणला, यांच्या काखेत हात घातले, उचलून गाड्यावर बसवलं, वायर सोडवली. मग विचारलं, कुठे ठेवू?

काका : मोठा स्पीकर माझ्या मांडीवर होता. त्याला दुसरी फेरी नको होती.

काकू : इथे पलंगावर ठेवून गेला. मी म्हटलं, रोज सकाळी अर्धा तास याल का? म्हणाला, मी या गावचा नाही, उद्या दुसरीकडे कार्यक्रम आहे.

नर्स : झाली पट्टी. वळा आता हळूच. काकू, मला चारपर्यंत वॉर्डाला कळवायचंय. काय सांगू?

काकू : तुम्ही दोन दिवस पुढे ढकलू शकत नाही?

नर्स : खाट गेली तर चार महिने मिळत नाही. आणि ही जखम चार महिने थांबणार नाही. तुम्ही रोज बघताय, मी काय सांगू.

काका : गाडी येऊ दे.

काकू : तुम्हाला कोणी विचारलंय का?

काका : नाही विचारलं. म्हणून सांगतोय. हिने काल रात्री मला कुशीवर वळवलं आणि नंतर किती वेळ मोरीचं दार धरून उभी होती. मला झोप लागली असं तिला वाटलं. झोपायचं सोंग मला आता उत्तम येतं, दोन वर्षं शिकलोय. येऊ दे गाडी.

काकू : भेटायचा दिवस कोणता असतो हो तिकडे?

नर्स : गुरुवार. दोन ते तीन. बस थेट जात नाही, नाक्यावर बदलावी लागते.

काकू : यांना चहात साखर दीड चमचा लागते. तिथे लिहून ठेवतात का असलं?

नर्स : मी सांगेन.

काका : दीड नको सांगू, दोन सांग. तिकडे कोण बघतंय.

काकू : गप्प बसा. दीडच. त्यांचे दोन सदरे आणि शाल बांधून ठेवते. अजून काय लागतं?

नर्स : कागद, औषधं, चष्मा. बाकी त्यांच्याकडे असतं. नऊच्या आधी तुम्ही काही करू नका. उचलू नका, बसवू नका, आहेत तसे राहू द्या.

काका : सात ते साडेसात तसाही मी पडूनच असणार. अकरा जण बघून घेतील.

काकू : आणि नऊला? गाडीवर कोण असतं?

नर्स : दोघं. एक डोक्याकडून धरतो, एक पायाकडून. मिनिटभराचं काम असतं.